सहा व्होल्टचा दिवा

साल १९५५. पोळ्याची कर, म्हणजे दुसरा दिवस, सकाळची वेळ, बारीक झिमझिम चालू.

हजर: पार्वताबाई, साठी ओलांडलेली, तिचा थोरला मुलगा रामजी, धाकट्या मुलाची बायको कमळा, माझे शेजारी युसुफभाई इंजनवाले, आणि मी.

धाकटा मुलगा वसंता याला हजर धरायचे की गैरहजर, एवढ्याच प्रश्नासाठी आम्ही पाच जण पार्वताबाईच्या घरी जमलो होतो. वसंताला जाऊन महिना होत आला होता.

यादी करून कामाला लागायचे ही माझी जुनी सवय आहे, म्हणून सुरुवातीलाच हजेरी मांडली. शेलूबाजारला रस्त्याच्या कडेला माझे बॅटरी भरण्याचे दुकान आहे. शेजारी युसुफभाईंचे ऑइल इंजन. त्यांच्या इंजनावर माझा डायनामो फिरतो आणि त्यावर आजूबाजूच्या सगळ्या लॉऱ्यांच्या, मोटारसायकलींच्या आणि ग्रामपंचायतींच्या रेडिओच्या बॅटऱ्या भरल्या जातात. संपादकांनी सांगितले, धंद्याविषयी लिहा. धंद्याचेच लिहितो; पण त्यातली एक गोष्ट इतर गोष्टींसारखी नाही.

आधी बॅटरी म्हणजे काय ते सांगतो. मोटारसायकलची बॅटरी सहा व्होल्टची. काळ्या कडक रबराच्या डब्यात तीन कप्पे, प्रत्येकात शिशाच्या प्लेटा, आणि प्लेटा बुडतील इतके पाणी मिसळलेले ॲसिड. घेताना लोक मोठी घ्यायला बघतात. मोठी घेऊ नये. गाडीच्या चौकटीत घट्ट बसेल तीच घ्यावी, कारण आमच्या रस्त्यांवर सैल बॅटरीच्या प्लेटा महिन्याभरात झडतात. हातात धरून वजन पाहावे, शिसे कमी घातले असेल तर हाताला कळते. दुकानात भरून ठेवलेली कधीच घेऊ नये. कोरडी घ्यावी, ॲसिड आपल्या डोळ्यांदेखत भरून घ्यावे, आणि पहिली भरणी सावकाश करावी. पहिल्या दिवशी घाई केलेली बॅटरी जन्मभर रडते. पुढे काम एवढेच: पाणी उतरले की डिस्टिल्ड वॉटर घालायचे, टर्मिनलवर व्हॅसलिन लावायचे, आणि रिकामी करून कोपऱ्यात टाकायची नाही.

एवढे सोपे असूनही माणसे काय काय करतात! आसेगावच्या एका पाटलांची बॅटरी माझ्याकडे तिसऱ्यांदा आली तेव्हा मी झाकणे उघडली. आत गढूळ गाळ.

"पाटील, याच्यात काय टाकलं?"

"गंगाजल. काशीहून आनलेलं."

"काहून?"

"तुमीच तं म्हनलं, शुद्ध पानी पाह्यजे. आता गंगेपरीस शुद्ध कोनतं हाय, सांगा बरं मले."

युसुफभाई इंजनाला तेल देत होते. मान वर न करता म्हणाले, "पाटील, गम करू नका. मेली ते मेली, पन सिधी जन्नतमधी गेली."

दुसरे एक गिऱ्हाईक इंझोरीचे. बॅटरी मंद झाली की तो तिच्यात आणखी ॲसिड ओतायचा. का, तर अशक्त माणसाला खुराक वाढवतात म्हणून. अशा लोकांत वसंता हा एकच असा होता की ज्याची बॅटरी उघडताना मला बरे वाटायचे. पाणी रेघेवर, टर्मिनल स्वच्छ. कापसाच्या दलालीसाठी तो खेडोपाडी फिरायचा. मोटारसायकल लष्कराच्या लिलावातली, जुनी, मजबूत. तिची ठिणगी मॅग्नेटोवर, म्हणजे इंजन चालायला बॅटरी लागत नाही. बॅटरी फक्त दिव्याला आणि हॉर्नला. मी म्हणायचो, "वसंता, तुह्यी गाडी बॅटरीबगर बी चालते, मंग एवढी निगा कायले?" तो म्हणायचा, "भाऊ, मी चाललो म्हनून काय झालं, समोरच्याले दिसलो पाह्यजे ना." त्याच्या गावाचे नाव मी लिहीत नाही. घर अजून नांदते आहे.

नागपंचमीच्या आधी, दिवेलागणीला, गावाजवळच्या नाल्याच्या उतारावर त्याची गाडी काळ्या मातीत घसरली. डोके दगडावर आपटले. माणसे पोचली तेव्हा जीव गेलेला होता. गाडी आडवी, आणि पुढच्या दिव्यातला बारका बल्ब, ज्याला आम्ही पायलट म्हणतो, तो लागलेला. एका बैलबंडीत त्याला घातले, दुसरीत गाडी. बंद कसा करायचा ते कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून दिवा तसाच जळत घरी आला.

आमच्याकडे माणूस गेला की त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात. तो विझू द्यायचा नाही, आणि दहाव्यानंतर हाताने मालवायचाही नाही. तेल संपून आपोआप शांत व्हायला हवा. पुढ्यात पीठ पसरून टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात उमटलेल्या खुणेवरून माणूस कुठल्या जन्माला गेला ते पाहतात. रामजी पणती लावायला निघाला तर पार्वताबाईने त्याचा हात धरला.

"त्यानं आपला दिवा आपल्यासंगं आनला. दुसरा कायले लावतं?"

तेव्हा मोटारसायकल ओसरीवर उभी करण्यात आली आणि पीठ तिच्या पुढच्या चाकासमोर पसरले गेले.

तिसऱ्या दिवशी रामजी माझ्या दुकानी आला. "भाऊ, दिवा इझला नाही पाह्यजे. दुसरी बॅटरी घेऊन चाला."

"दिवा अजून हाय?"

"हाव. म्हनून तं आलो."

मला तो शोकाने बावचळला आहे असे वाटले. तेवढ्या बॅटरीवर पायलट फार तर एक दिवस-रात्र जळतो. मी भरलेली बॅटरी आणि वायर घेऊन गेलो. ओसरीवर दिवा जळत होता, पिवळा, स्थिर. पिठात एक लांब रेघ उमटली होती. कोणी साप म्हणत होते, कोणी चाक. मी वाकून पाहिले. चाक म्हणावे तर टायरची नक्षी नव्हती. साप म्हणावा तर रेघ अगदी सरळ होती.

बॅटरीत किती जीव उरला हे पाहायला आमच्याकडे काचेची पिचकारी असते. ॲसिड ओढले की आतला काटा तरंगतो. भरलेली असेल तर वर, रिकामी असेल तर तळाला. मी तिन्ही कप्पे पाहिले. काटा सगळ्यात वरच्या रेघेवर. जणू आत्ताच माझ्या बाकावरून उतरवली होती. आणलेली बॅटरी मी परत नेली.

त्यानंतर माझ्या पद्धतीने शोध घेतला. शक्यता मांडल्या. कोणी बॅटरी बदलत असेल, म्हणून दोन्ही टर्मिनलवर लाख ओतून माझ्या अंगठ्याचा ठसा उठवला. आठवड्याने ठसे जसेच्या तसे. कुठून चोरटी वायर असेल, तर त्या गावात वीजच नाही. काटा खोटा असेल, म्हणून नवीन पिचकारी नेली. तिनेही तेच दाखवले. बल्ब फारच कमी खात असेल, म्हणून तसलाच बल्ब दुकानात जोडून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याने बॅटरी झोपवली. चारही शक्यता खोडून झाल्यावर पाचवी सुचली नाही.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करू म्हटले. पार्वताबाई नाही म्हणाली. "तिकडं त्याचा दिवा जळून राह्यला आन इकडं तुमी गवताचा कावळा शिववता?" त्या दिवसापासून घर जागच्या जागी थांबले. दिवा शांत होईपर्यंत तेरावे नाही, गोडधोड नाही, आणि घरच्या बाईने उंबरा ओलांडायचा नाही.

ही अट नडली ती कमळेला. सातवी शिकलेली, विशीतली मुलगी. अकोल्याला दाईच्या शिक्षणासाठी तिचे नाव लागले होते. वसंतानेच खटपट करून लावले होते. पोळ्यानंतर लगेच हजर व्हायचे होते, नाहीतर जागा दुसरीला. ती माझ्याशी एकदाच बोलली होती, पिचकारी धुवायला पाणी आणून दिले तेव्हा. "भाऊ, खरं सांगा. हा किती दिवस राहीन?"

"मले सांगता येत नाही, बाई."

"तुमाले येत नाही तं मंग कोनाले येईन?"

म्हणून करीच्या दिवशी मी युसुफभाईंना बरोबर घेऊन गेलो.

रामजीने त्याआधीच एक प्रयत्न करून पाहिला होता. आईची पाठ वळल्यावर त्याने दिव्याचा स्विच फिरवला. दिवा तसाच. यात नवल नाही. पावसापाण्यात स्विच आतून चिकटतो. पण त्यामुळे एकच मार्ग उरला. टर्मिनलचा नट सोडायचा आणि वायर काढायची.

"आजी," मी म्हणालो, "हे यंत्राचं काम हाय. एक नट सोडला का झालं. हातानं मालवलं असं होत नाही."

"मंग कशानं मालवलं असं होते? पायानं?" पार्वताबाई म्हणाली. "भाऊ, तू जानता मानूस. एवढं सांग. ज्याच्यावर हा जळून राह्यला, थे तुह्या बॅटरीत हाय काय?"

"नाही," म्हणालो. "एवढा जीव बॅटरीत नसते."

"आयकलं?" ती रामजीला म्हणाली.

युसुफभाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी खाली बघितले. तेवढ्यात कमळा आतून आली. तिने माझ्या पिशवीतून पाना काढला. कोणता काढायचा हे तिला ठाऊक होते. नवऱ्याला काम करताना पाहिले असणार. ती गाडीपाशी बसली, लाख नखाने खरवडली आणि पाना नटाला लावला.

"कमळे!" रामजी ओरडला.

"आत्याबाई," ती सासूकडे न बघता म्हणाली, "तेनंच मले जा म्हनलं होतं. आता तेच आडवे काहून येतीन?"

आणि तिने पाना फिरवला. नट जरासा हलला असेल नसेल, तोच हॉर्न वाजला. नेहमीसारखा नाही. लांबून, दबून, कण्हल्यासारखा. वायर हलली की असे होऊ शकते. मी तेव्हाही तेच म्हणालो. पण कमळेने हात मागे ओढला. पाना खाली पडला.

पार्वताबाई उठली, सुनेजवळ जाऊन बसली. तिचा आवाज बदलला होता.

"तू नको हाकलू, माय. तुह्या हातानं गेला तं तुलेच सलन जन्मभर." मग गाडीकडे वळून, घरातल्या माणसाशी बोलावे तशी म्हणाली, "चाल रे. पोरीची वाट आडवून नको बसू. मी येते तुले पोचवाले."

मालवायचा नाही, तर जळता घराबाहेर काढायचा. घरात दिवा नसला की घर मोकळे. माझे दुकान रस्त्यावर, वसंताची बसायची जागाही तीच. गाडी तिथे न्यायची असे तिने ठरवले आणि कोणी वाद घातला नाही. वाद न्यायचे कसे यावर झाला. पोळ्याला आणि करीला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्यामुळे बंडी नाही. मी म्हणालो, किक मारून चालवत नेतो. "त्याच्या जागेवर कोनी बसाचं नाही," म्हातारी म्हणाली. तेव्हा ढकलतच न्यायचे ठरले. रामजीने हँडल धरले, मी आणि युसुफभाई मागे, पार्वताबाई बाजूने चालत. कमळा उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

गावातून जाताना, एकीकडे रंगवलेली शिंगे आणि झुली घातलेले बैल दारात उभे, आणि आमच्या पुढे भर सकाळी जळणारा दिवा. एकेक दार आम्ही जवळ येताच लागत होते. बैल मात्र माना वळवून बघत होते, आमच्याकडे नाही, गाडीच्या बैठकीकडे.

गावाबाहेर नाल्याचा उतार लागला. गाडी आपोआप पळायला हवी होती. ती जागची हलेना. उताराला आम्ही तिघे जोर लावून ढकलत होतो.

"मिस्त्री," युसुफभाई धापा टाकत म्हणाले, "ब्रेक लागला काय?"

मी पाहिले. ब्रेक मोकळा. मडगार्डमध्ये चिखल अडकला असेल म्हणून काडीने साफ केले, मागचे चाक उचलून हाताने फिरवले. छान फिरत होते.

"नाही लागला."

"मंग एक जन फुकट बसला हाय," ते म्हणाले. हसायला गेले आणि अर्ध्यात थांबले.

नाल्याशी, तो पडला त्या दगडापाशी, पार्वताबाई म्हणाली, "थांबा." आम्ही थांबलो. झिमझिम थांबली होती. नाल्याचे पाणी तेवढे वाजत होते. एखादा माणूस उतरून चार पावले जाईल इतका वेळ गेला असेल. मग ती म्हणाली, "चाला आता."

रामजीने हँडल लोटले मात्र, गाडी एवढ्या सहज पुढे गेली की तो पडता पडता वाचला. पुढे चढ होता. चढावर ती एका हाताने ढकलत गेली.

"हलकी झाली काय?" म्हातारीने विचारले.

"हाव," मी म्हणालो.

तिने पदराने डोळे पुसले. दिवा मात्र जळतच होता. तिने तो बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "थो तं उतरला. मंग हा आता माह्या नावाचा. राहू दे तुह्याकडं. मी गेली का काढजो."

घरी तेरावे झाले. कमळा वेळेवर अकोल्याला पोचली. मी गाडी दुकानाच्या मागच्या पडवीत ठेवली.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली: नवल संपले. त्या गावी दिवा पाहायला दुरून माणसे येत होती. माझ्या दुकानी कोणी मान वळवून पाहीना. बॅटरीवाल्याच्या दुकानात दिवा जळतो यात काय विशेष? "तुमी भरत असान रोज," असे गिऱ्हाइके म्हणतात. मी नाही म्हटले की हसतात. वाचकही तेच म्हणतील, आणि मी वाचक असतो तर मीही तेच म्हटले असते. माझ्याजवळ पुरावा नाही. लागेल त्याला भरायची सोय ज्या एकाच जागी आहे, तिथेच मी ती गाडी आणून ठेवली. मी एवढेच लिहितो की त्या बॅटरीला माझ्या डायनामोची वायर कधीही लागलेली नाही. तिचे पाणी उतरत नाही. बल्बची तार तुटत नाही.

पुढची काही वर्षे बाजाराच्या दिवशी पार्वताबाई येई, पडवीत गाडीसमोर बसे, भाकरी खाई. आधी लेकाशी बोलायची. पुढे बोलणे बंद झाले, नुसती दिव्याकडे पाहायची, आपल्याच घराकडे लांबून पाहावे तशी. एकदा मी चहा नेऊन दिला तर म्हणाली, "भाऊ, भेव वाटते काय याचं?" मी म्हणालो, "काम असते, आजी. भ्याले येळ कुठं?" ती म्हणाली, "मंग बरं हाय."

या उन्हाळ्यात ती गेली, घरीच, झोपेत. बातमी घेऊन कमळाच आली. आता ती तालुक्याच्या दवाखान्यात दाई आहे. पांढरे पातळ, हातात पिशवी, चालणे भराभर. पडवीत जाऊन तिने दिवा पाहिला. तो जळत होता.

"आत्याबाईचे दहा दिवस होऊ द्या," ती म्हणाली, "आन मंग काढा, भाऊ. तुमीच काढा. माह्या हातून एकदा नाही झालं. याच्यानंतर हा कोनाच्या नावाचा झाला नाही पाह्यजे."

"काढतो," मी म्हणालो.

दहा दिवस होऊन गेले. पावसाळा गेला, पोळा गेला. युसुफभाई आठवण करून देतात. "मिस्त्री, एक नट तं हाय. तुले भेव कायचं? इझन म्हनून?"

विझण्याचे भय मला नाही. नट सोडला की वायर सुटते, वायर सुटली की दिवा जातो. हे मी वीस वर्षे लोकांना शिकवत आलो. वायर जागेवर आहे तोवर त्या दिव्याला काही ना काही कारण आहे, मला न कळलेले का होईना. पण मी वायर हातात धरून उभा राहिलो आणि दिवा तसाच असला, तर त्यानंतर मी कोणाला काय सांगायचे?

दिवाळीची साफसफाई काढली आहे. बाक धुतले, ॲसिडच्या बरण्या रचल्या, डायनामोचा पट्टा बदलला. आता पडवीतला तेवढा एक नट सोडायचा राहिला आहे.